झारखंड लाल आणि केरळ फिकट का दिसतं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलाला जमशेदपुरात नोकरी लागली. पेढे वाटून होतात न होतात तोच घरच्या ग्रुपवर कुणीतरी देशाचा नकाशा टाकला. लाख लोकसंख्येमागे कुठल्या राज्यात किती खून होतात, ते त्यात रंगांनी दाखवलंय. झारखंड गडद लाल, केरळ जवळजवळ पांढरं. दीर म्हणाले तिकडची माणसंच तापट, यजमान म्हणाले गरिबी. तुम्हाला खरं कारण हवंय, आणि मुलाला पाठवावं की नाही हेही.

मी पोलीस खात्यात ३३ वर्षं काढली. पहिली वीस-बावीस वर्षं तालुक्याच्या ठाण्यांमध्ये गेली आणि शेवटची काही गुन्ह्यांच्या आकडेवारीच्या टेबलावर. म्हणजे आधी खुनाचे पंचनामे केले आणि नंतर त्याच पंचनाम्यांचे रकाने कसे होतात ते पाहिलं. झारखंडात मी नोकरी केलेली नाही, तिथलं मी सांगेन ते कागदांवरून आणि तिथल्या सहकाऱ्यांशी झालेल्या बोलण्यावरून. बाकीचं स्वतः पाहिलेलं.

आधी आकडे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, म्हणजे एनसीआरबीच्या, २०२२ च्या अहवालात देशभरात खुनाचे २८,५२२ गुन्हे आहेत. लाखामागे २.१. झारखंडचा दर ४.०, राज्यांमध्ये सगळ्यात वरचा. केरळचा १ च्याही आत. महाराष्ट्र १.८. संख्येने पहिला उत्तर प्रदेश, ३,४९१ गुन्हे, पण लोकसंख्या एवढी की दर फक्त १.५. तेव्हा तुमचा नकाशा खोटा नाही. त्यावरून लोक जे निष्कर्ष काढतात ते मात्र बहुतेक वेळा कच्चे असतात.

तुमच्या दिरांनी विचारलेला प्रश्न असा होतो: तिकडे माणसं जास्त का मारतात? मी तो जरा फिरवून घेतो. भांडणं सगळीकडे होतात. बांधावरून, पाण्यावरून, वाटणीवरून, बायकोवरून, दारूच्या बिलावरून. २०२२ च्या त्या २८,५२२ पैकी ९,९६२ खुनांचं कारण नुसतं 'वाद' असं आहे. त्याखालोखाल जुनं वैर, ३,७६१. पैशासाठी, लाभासाठी केलेले १,८८४. म्हणजे आपल्या देशातला खून हा बराचसा ओळखीच्या माणसाने ओळखीच्या माणसाशी घातलेल्या वादाचा शेवट असतो. आणि वादापासून मुडद्यापर्यंतच्या वाटेवर चार-पाच जागा अशा असतात जिथे तो अडू शकतो. कुणीतरी मध्ये पडतं. कुठलं तरी कार्यालय निकाल देतं. हाताशी हत्यार नसतं. दवाखाना जवळ असतो. राज्याराज्यांत फरक पडतो तो या जागांचा. लोकांच्या रक्ताचा नाही.

पण त्याआधी मोजणीबद्दल बोलायला हवं, कारण नकाशाच्या रंगात मोजणीचाही वाटा असतो.

खुनाचा आकडा इतर गुन्ह्यांच्या मानाने बराच विश्वासाचा. मोबाइल चोरीची तक्रार 'हरवल्याचा दाखला' म्हणून वाटेला लावता येते, मारामारीची एन.सी., म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करून मोकळं होता येतं. प्रेताचं तसं करता येत नाही. म्हणून तर केरळ एकूण नोंदलेल्या गुन्ह्यांच्या दरात देशात वरच्या रांगेत आणि खुनाच्या दरात तळाशी दिसतं. तिथे लोक ठाण्यात जातात आणि ठाणं लिहून घेतं. एकूण गुन्ह्यांचा दर पाहून केरळला गुन्हेगारांचं राज्य म्हणणारे लेख मी वाचलेत. हसू येतं.

तरीही प्रेताला नाव द्यावं लागतंच. खून, सदोष मनुष्यवध, हुंडाबळी, आत्महत्या की अकस्मात मृत्यू? हे नाव पहिल्या रात्री ठाण्यातला एक फौजदार ठरवतो. नव्वदच्या दशकातलं एक ठाणं, नाव नाही घेत. मी नवीन होतो. रात्री अकराला ग्रामीण रुग्णालयातून फोन आला, विवाहिता जळीत, मयत. सासरच्यांचा जबाब तयारच होता: स्वयंपाक करताना स्टोव्हचा भडका उडाला. वरिष्ठांनी अकस्मात मृत्यू दाखल करायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जागेचा पंचनामा लिहायला बसलो तर पंचांपैकी एक म्हातारा हळूच म्हणाला, "साहेब, हा वातीचा स्टोव्ह आहे. भडका पंपाच्या स्टोव्हचा होतो." पाहिलं तर खरंच, दहा वातींचा स्टोव्ह, वाती कोऱ्याकरकरीत, टाकी काठोकाठ भरलेली. मी ते पंचनाम्यात जसंच्या तसं लिहिलं. कागद वर गेले आणि अकस्मात मृत्यूच कायम राहिला. त्या वर्षीच्या तालुक्याच्या खुनांच्या आकड्यात ती बाई नाही. असे किती स्टोव्ह देशभर भडकले, याचा कुठला नकाशा नाही.

हुंडाबळीचं असंच, पण कायदेशीर मार्गाने. जुनं कलम ३०४-ब, आता भारतीय न्याय संहितेत ८०. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाई जळून किंवा अनैसर्गिक रीतीने मेली आणि मृत्यूच्या सुमारास हुंड्यासाठी छळ झाला असेल, तर ते कलम. हे गुन्हे खुनाच्या रकान्यात येत नाहीत, त्यांचा रकाना वेगळा. २०२२ मध्ये देशात असे सहा हजारांवर गुन्हे, पैकी दोन हजारांवर एकट्या उत्तर प्रदेशात आणि हजारावर बिहारात. केरळात दहा-बाराच्या घरात. आता बेरीज करून बघा. उत्तर प्रदेशचा दर १.५ वरून जवळपास २.४ ला जातो. केरळ हलतसुद्धा नाही, एकच्या आतच. हुंडाबळीत आत्महत्याही असतात, म्हणून सरसकट बेरीज करणं बरोबर नाही हे मला कळतं. पण दोन राज्यांची तुलना करताना हा रकाना उघडलाच नाही तर एका राज्यातल्या मेलेल्या बायका आपण मोजणीतून परस्पर वगळल्या असं होतं.

उलट गंमत पश्चिम बंगालची. तिथे खुनाच्या प्रयत्नाचे, म्हणजे जुन्या ३०७ चे, गुन्हे देशात सगळ्यात जास्त, खुनाच्या कित्येक पट. तिथले लोक वार करतात आणि नेम चुकतो असं थोडंच आहे! कुठल्या मारामारीला ३०७ लावायचं आणि कुठलीला साधी दुखापत म्हणायचं, याची प्रत्येक राज्यातल्या ठाण्यांची आपली एक रीत पडलेली असते. त्यामुळे राज्याराज्यांत 'प्रयत्नां'ची तुलना मी कधीच करत नाही.

भागाकारातही खड्डे आहेत. लक्षद्वीपची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ६४ हजारांच्या आसपास. तिथे वर्षात एक खून झाला की दर दीडच्या पुढे, एकही झाला नाही की शून्य. म्हणजे एका रात्रीच्या भांडणावर नकाशाचा रंग बदलतो. सिंधुदुर्गासारख्या साडेआठ लाखांच्या जिल्ह्याचंही तेच. आठाचे बारा झाले की वर्तमानपत्रात 'खुनांत ५० टक्के वाढ'. असल्या ठिकाणी पाच-सात वर्षांची सरासरी काढल्याशिवाय तोंड उघडू नये.

मुंबईचं उदाहरण तर मी प्रशिक्षणात हमखास द्यायचो. एनसीआरबीच्या महानगरांच्या तक्त्यात २०२२ ला मुंबईत १३५ खून आणि लोकसंख्या १८४ लाख, म्हणून दर ०.७. पण १८४ लाख ही २०११ च्या जनगणनेतल्या मुंबई महानगर पट्ट्याची लोकसंख्या, त्यात ठाणं, कल्याण, नवी मुंबई सगळं आलं. मुंबई पोलिसांची हद्द आहे बृहन्मुंबईची, १२४ लाखांची. त्याने भागलं की दर होतो १.१. वर्गातला एक तरी पोरगा म्हणायचा, "सर, म्हणजे मुंबई असुरक्षित?" अरे बाबा, १.१ सुद्धा राज्याच्या सरासरीच्या खालीच आहे. सिनेमे पाहून आपण मुंबईला घाबरतो आणि शेताच्या बांधाला घाबरत नाही.

एवढं सगळं वजा केलं तरी झारखंड आणि केरळ यांच्यातलं अंतर उरतंच. चौपटीची तिप्पट होईल फार तर. ते अंतर खरं आहे. आता त्याच्या कारणांकडे येतो.

यजमानांची गरिबी आधी घेऊ. ती एकटी पुरत नाही. हरियाणा देशातल्या श्रीमंत राज्यांपैकी, तरी २०२२ मध्ये तिथला खुनाचा दर ३ च्या वर. शेजारचा गरीब उत्तर प्रदेश कागदावर त्याच्या निम्माही नाही. दारूही एकटी पुरत नाही. केरळात दारू काही कमी पीत नाहीत, आणि बिहारात एप्रिल २०१६ पासून दारूबंदी आहे, तरी २०२२ चा बिहारचा दर २.३. बंदुकांचंही तसंच. २०१६ च्या शेवटी देशात तेहतीस लाखांवर शस्त्रपरवाने होते, त्यातले १२ लाखांवर उत्तर प्रदेशात. परवान्याच्या बंदुकीने बहुतेक करून लग्नात बार उडतात. माणसं मरतात ती बिनपरवान्याच्या कट्ट्याने. बिहारचं मुंगेर त्यासाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे, आणि आपल्याकडे जळगाव-धुळ्याच्या पोलिसांना विचाराल तर ते चोपड्याच्या पलीकडच्या, मध्य प्रदेशातल्या उमर्टीचं नाव घेतील.

ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा या अर्थतज्ज्ञांनी २००० साली एक अभ्यास छापला होता. १९८१ ची तीनशेवर जिल्ह्यांची आकडेवारी घेऊन खुनाचा दर कशाशी जुळतो ते त्यांनी पाहिलं. गरिबीशी आणि शहरीकरणाशी ठळक संबंध दिसला नाही. साक्षरता जास्त तिथे खून कमी, हे दिसलं. सगळ्यात घट्ट संबंध निघाला तो स्त्री-पुरुष प्रमाणाशी: जिथे बायकांचं प्रमाण कमी तिथे खून जास्त. २०११ ला हरियाणात हजार पुरुषांमागे ८७९ बायका होत्या, केरळात १,०८४. बायका कमी म्हणून पुरुष खून करतात, इतकं सरळ ते नाही. ज्या समाजात जमीन, इज्जत आणि मुलगाच हवा ही तिन्ही एकाच खुंटीला टांगलेली असतात तिथे मुली कमी जन्मतात आणि पुरुष एकमेकांवर धावूनही जातात, असा त्याचा अर्थ मी लावतो. पण झारखंड या चौकटीत बसत नाही. तिथे हजारामागे साडेनऊशेच्या आसपास बायका, देशाच्या सरासरीपेक्षा बरं प्रमाण. म्हणूनच एका कारणावर सगळा देश मोजायला गेलं की कुठलं तरी राज्य वाकुल्या दाखवतं.

म्हणून मी वाटेवरच्या जागांकडे बघतो. एक प्रकरण सांगतो, मराठवाड्यातलं. दोघे चुलतभाऊ, मध्ये एक बांध, बांधावर लिंबाचं झाड. धाकट्याचं म्हणणं, थोरल्याने तीन वर्षांत बांध कोरून कोरून चार हात आत आणला. गावात दोनदा बैठक बसली, पोलीस पाटील मध्ये पडला, दोघांनी ऐकल्यासारखं केलं. मग धाकट्याने मोजणीचा अर्ज भरला. तारीख पडायची आणि पुढे जायची. मृगाचा पाऊस झाला, थोरल्याने औत घातलं, धाकटा झाड तोडायला म्हणून कुऱ्हाड घेऊन गेलेला होता. कुऱ्हाड हातात नसती तर काठीने डोकं फुटलं असतं, चार टाके, ३२४ चा, म्हणजे दुखापतीचा, गुन्हा आणि जामीन. वार मांडीवर बसला होता. मांडीवर! रस्त्याला पूर आलेला, बैलगाडीतून ओढा ओलांडून डांबरीवर यायला दीड तास गेला. दवाखान्यात पोचेपर्यंत रक्त संपलं. मी पहाटे ३०७ चा गुन्हा दाखल केला आणि नऊ वाजता कलमवाढ करून ३०२ केला. आरोपीच्या घरझडतीत देवाच्या फोटोमागे मोजणीची नोटीस सापडली. मोजणीची तारीख खुनानंतर अकरा दिवसांची होती.

आता हेच दोन भाऊ केरळातल्या आलप्पुळाला नेऊन ठेवा. रागाचं माप तेच धरा. तिथे घरापासून रस्ता लागून, दवाखाना हाकेच्या अंतरावर. मांडीवरच्या वाराला टाके घालून तो माणूस आठवड्यात घरी येतो आणि आयुष्यभर कोर्टात भांडत बसतो. आकडेवारीत तो 'खुनाचा प्रयत्न' होतो, तुमच्या नकाशावर येतच नाही. खून हा मारणाऱ्याच्या हातातला निकाल आहे असं आपण समजतो, पण अर्धा निकाल रस्ता आणि रक्तपेढी देते. केरळ फिकट दिसण्यात तिथल्या परिचारिकांचाही वाटा आहे असं मी म्हणायचो, तेव्हा वर्गात पोरं मान डोलवायची, पण वहीत लिहून घ्यायची नाहीत. परीक्षेत येत नव्हतं ना.

दुसरी जागा निकालाची. जमिनीचा वाद कुठेतरी सुटेल असा लोकांना भरवसा असला की ते थांबतात. कुणाकडेच सुटणार नाही असं वाटलं की स्वतः सोडवतात. बिहारातल्या निम्म्याहून जास्त गुन्हेगारीच्या मुळाशी जमिनीचे वाद आहेत, असं मुख्यमंत्री असताना नितीश कुमार कितीदा तरी जाहीरपणे म्हणालेत. म्हणून तिथे अंचल अधिकारी (आपल्या तहसीलदारासारखा) आणि ठाणेदार यांनी शनिवारी एकत्र बसून जमिनीच्या तक्रारी ऐकायची पद्धत सुरू झाली. आपल्याकडे आर. आर. पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम निघाली, तिच्यामागचा विचारही तोच. तिच्यात कागदी तंटेही पुष्कळ मिटवले गेले, बक्षिसाच्या रकमेपोटी. पण किरकोळ तंटा गावातच धरला पाहिजे हे निदान बरोबर होतं, आणि जिथे सरपंच, पोलीस पाटील नि बीट अंमलदार या तिघांचं जमत होतं तिथे ते चाललेलं मी पाहिलंय.

झारखंडात या जागा एकेक करून तपासल्या तर चित्र उलगडतं. जंगल आणि डोंगरपट्टे, तिथून दवाखाना लांब. घरोघरी टांगी, म्हणजे कुऱ्हाडच, कारण ती रोजच्या कामाची. धनबादकडे कोळशाची टोळीबाजी. पलामू, खुंटी, गुमला या बाजूला माओवादी आणि त्यांच्यातून फुटून निघालेल्या खंडणीच्या टोळ्या. माओवाद्यांनी मारलेला गावकरीही खुनाच्याच रकान्यात येतो. आपल्या गडचिरोलीतही तसंच होतं, 'पोलिसांचा खबरी' म्हणून मारलेला माणूस जिल्ह्याच्या खुनांत मोजला जातो. त्यामुळे गडचिरोलीचा दर पाहून तिथले आदिवासी हिंसक असं म्हणणं म्हणजे मार खाणाऱ्यालाच मारकुटा ठरवणं झालं.

आणि डायन-बिसाही, म्हणजे बाईला चेटकीण ठरवणं. २०२२ च्या अहवालात जादूटोण्याच्या संशयावरून देशभरात ८५ जणांचा खून झाल्याची नोंद आहे. झारखंडात ही प्रथा मोठी. २००१ पासून तिथे त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. सरायकेला-खरसावाँ जिल्ह्यातल्या छुटनी देवींना १९९५ मध्ये डायन ठरवून गावातून हाकललं होतं. त्या वाचल्या, पुढे अशाच कितीतरी बायकांना त्यांनी आसरा दिला, आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिथल्या पोलिसांशी बोललं की एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते: डायन ठरते ती बहुतेक वेळा विधवा किंवा एकटी बाई, आणि तिच्या नावावर थोडीफार जमीन असते. गावात मूल तापाने दगावलं, डॉक्टर नाही, ओझा म्हणजे मांत्रिक आहे. ओझा नाव सांगतो. म्हणजे अंधश्रद्धा दिसते वरवर, खाली पुन्हा तोच बांध आणि तोच न आलेला डॉक्टर.

दिरांच्या म्हणण्याचंही उत्तर द्यायला हवं. माणसंच तशी असतील तर ती जातील तिथे तशीच राहिली पाहिजेत. केरळात बांधकामावर, प्लायवूडच्या कारखान्यांत, हॉटेलांत बंगाल, आसाम, ओडिशा, झारखंडातली लाखो माणसं आज कामाला आहेत. तरी केरळचा दर एकच्या आत. माणूस तोच, बांध मात्र गावी राहिला, भावकी गावी राहिली आणि टांगीही गावीच राहिली.

शिवाय स्वभाव काही दहा-वीस वर्षांत बदलत नाही, आकडे मात्र बदलतात. १९९२ मध्ये देशात खुनाचे ४०,१०५ गुन्हे होते, लाखामागे ४.६. तीस वर्षांत लोकसंख्या एवढी वाढूनही संख्या खाली आली आणि दर निम्म्याच्याही खाली. मुंबईत नव्वदच्या दशकात टोळ्यांचे शूटआउट रोजच्या पेपरात असायचे. १९९९ ला मोक्का आला, बाकीही बरंच काही घडलं, त्यातले चकमकींचे किस्से मी इथे उगाळत नाही, आणि दहा वर्षांत ते खून जवळजवळ संपले. मुंबईकरांचा स्वभाव तेवढ्यात निवळला असं कुणी म्हणेल का? बिहारात २००५ नंतर सरकारने एक साधी युक्ती केली. खुनाच्या खटल्यात साक्षीदार फुटतात, म्हणून बाहुबलींवरचे बेकायदा शस्त्रांचे खटले आधी जलद चालवले. त्यात साक्षीदार पोलीसच, ते फुटत नाहीत. शिक्षा लागायला लागल्या तसे उघड्या जीपमधून बंदुका नाचवत फिरणारे गायब झाले. लोक तेच होते, फक्त शिक्षा होऊ शकते हे दिसलं.

आतापर्यंतचं थोडक्यात सांगतो, म्हणजे ग्रुपवर लिहायला बरं. आधी खुनात हुंडाबळी धरलेत का आणि भागाकार कुठल्या लोकसंख्येने केलाय ते बघा. छोट्या राज्याचं एका वर्षाचं सोडून द्या. मग कारणवार तक्ता उघडा, कारण जमिनीचा खून, टोळीचा खून, डायन म्हणून केलेला खून आणि घरातला खून या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची औषधंही वेगळी. आणि एकूण दर कमी असलेल्या ठिकाणी घरातल्या खुनांचा वाटा मोठा दिसला तर दचकू नका. व्हेली वेर्को नावाच्या फिनलंडच्या अभ्यासकाने हे फार पूर्वी दाखवून दिलंय: दर खाली आला की मेलेल्यांत बायकांचं प्रमाण वाढतं. रस्त्यावरचे, पुरुषा-पुरुषांतले खून आधी कमी होतात, चार भिंतींतले मागे उरतात.

राहिला मुलाचा प्रश्न. झारखंडाचा ४.० हा आकडा गुमल्याच्या गावातली विधवा, धनबादचा ठेकेदार आणि बांधावरून भांडणारे भाऊ या सगळ्यांची मिळून सरासरी आहे. तुमच्या मुलाची तिथे जमीन नाही, भावकी नाही, कोळशाचा ठेका नाही. तो कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहणार, नोकरी करणार, आणि जमशेदपुरात चांगली रुग्णालयं आहेत. सरासरी त्याला लागू पडत नाही. पाठवा बिनधास्त.

काळजी करायचीच असेल तर दुसरा आकडा देतो. २०२२ मध्ये देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. खुनांच्या जवळपास सहापट. तिथे गेल्या गेल्या तो मोटरसायकल घेईल, सगळी पोरं घेतात. हेल्मेट इथूनच घेऊन द्या, चांगलं, आयएसआय शिक्क्याचं, आणि पट्टा लावायला सांगा. नुसतं डोक्यावर ठेवून फिरणारे मी पंचनाम्यात फार पाहिलेत.